चेंडूत हवा किती, आणि ती मोजायची कधी?

मंडळी, आपल्याकडच्या रोबो-सॉकरच्या, म्हणजे रोबोंच्या फुटबॉल स्पर्धांच्या, नियमावल्या बघा. रोबोची लांबी-रुंदी, वजन, बॅटरीचे व्होल्ट, सगळं चोख दिलेलं असतं. चेंडूबद्दल मात्र बऱ्याचदा एकच ओळ: ‘चेंडू आयोजक देतील.’

रोबोकप या जागतिक रोबो स्पर्धेच्या स्मॉल साइझ लीगने, म्हणजे छोट्या रोबोंच्या गटाने, ही कटकट मुळातच टाळली. तिथे नारिंगी गोल्फ बॉल असतो, ४३ मिलिमीटरचा, त्यात हवाच नाही. त्याच स्पर्धेच्या मिडल साइझ या मोठ्या रोबोंच्या गटाला मात्र माणसांचाच पाच नंबरचा फुटबॉल लागतो. फुटबॉलच्या नियमांत त्याचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि दाब समुद्रसपाटीला ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर आहे. माणसाचा पाय एवढी सूट सांभाळून घेतो, रोबो घेत नाही. परिघात २ सेंटिमीटरचा फरक म्हणजे व्यासात ६ मिलिमीटरचा. दिसणाऱ्या आकारावरून अंतर काढणारा प्रोग्राम तेवढ्यानेच ३ टक्के चुकतो, म्हणजे ५ मीटरवर १५ सेंटिमीटर. ड्रिब्लरचे, म्हणजे चेंडू रोबोजवळ धरून ठेवणाऱ्या भागाचे, रोलर एक तर निसटतात, नाही तर चेंडू अडकतो. हवा कमी असेल तर किकरची, म्हणजे चेंडूला फटका मारणाऱ्या भागाची, ताकद चेंडू चेपण्यातच जाते.

म्हणून आपण चेंडूतला दाब ०.८ बार धरू, म्हणजे ११.६ पीएसआय, अधिक-उणे ०.०५ बार (बार आणि पीएसआय ही दाबाची एककं). पण नुसता आकडा लिहून भागत नाही. तो कुठे आणि कशाने मोजला? सायकलच्या पंपावरचा गेज, म्हणजे दाबमापक, बऱ्याचदा १६० पीएसआयपर्यंतचा असतो. पूर्ण मापाच्या २ टक्के चूक धरली तरी ती ३.२ पीएसआय होते. गेज ३० पीएसआयपर्यंतचाच घ्या.

दुसरी गंमत तापमानाची. ३४ अंशांच्या स्टोअररूममध्ये ०.८ बार भरलेला चेंडू २२ अंशांच्या एसी हॉलमध्ये आणला, की गेज ०.७३ दाखवतो. गळती कुठेच नाही! पुण्यात भरलेला चेंडू घाट उतरून मुंबईत आला की जवळपास तेवढाच फरक पडतो, कारण बाहेरचा हवेचा दाब इथे जास्त असतो. म्हणून चेंडू सामन्याच्या हॉलमध्ये निदान दोन तास ठेवा आणि मगच मोजा.

पिनला ग्लिसरीनचा थेंब लावा. कोरडी पिन घातली तर व्हॉल्व्ह फाटू शकतो. आधी ०.९ बारपर्यंत भरा, अर्धा तास थांबा, मग हवा सोडत खाली आणा. पिन घालताना दर वेळी थोडी हवा जातेच, त्यामुळे उगाच पुन्हा पुन्हा तपासू नका. चेंडूच्या आतला हवेचा फुगा, म्हणजे ब्लॅडर, लॅटेक्स रबराचा असेल तर दाब दर सामन्याआधी मोजावा लागतो, ब्यूटिल रबराच्या ब्लॅडरमध्ये हवा जास्त टिकते.

माप घ्यायला टेप नको, ती चेंडूवर तिरकी बसते. अ‍ॅक्रिलिकच्या दोन रिंगा लेझरने कापून घ्या, २२१ आणि २१८ मिलिमीटरच्या. पहिलीतून चेंडू आपल्या वजनाने पडला पाहिजे, दुसरीत अडला पाहिजे. तीन दिशांनी फिरवून बघा, कारण जुना चेंडू अंडाकृती होतो. हे सगळं हवा भरल्यावर, आधी नाही.

मुंबईत धोबी तलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत खरेदी करताना एकाच लॉटमधले चेंडू मागा. २ मीटरवरून एकाच लादीवर टाकून सगळ्यांची उसळी ताडून बघा, वेगळा उडेल तो बाजूला काढा. मॉडेलचं नाव संघांना महिनाभर आधी कळवा. आणि सामन्याच्या दिवशी पंप फक्त पंचांच्या टेबलावर.