सराव झाल्यावर काय प्यावं, काय खावं

नमस्कार श्रोतेहो.

पोलीस भरतीची चाहूल लागली की आपल्या गावांमधून पहाटे डांबरी रस्ते पोरापोरींनी भरून जातात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. कसं पळावं, गोळा कसा टाकावा हे सांगणारे गावोगावी भेटतात. पळून आल्यावर पुढच्या दोन तासांत पोटात काय जावं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. व्यायामानं स्नायू झिजतो. तो भरून येतो नंतर, खाण्यापिण्यातून आणि झोपेतून. म्हणून आज फक्त या दोन तासांबद्दल बोलू.

क्रम एवढाच लक्षात ठेवा. आधी पाणी आणि मीठ. मग धान्य आणि डाळ. पुन्हा सांगतो: आधी पाणी आणि मीठ, मग धान्य आणि डाळ.

पाण्याचं माप काट्यावर कळतं. पळायला जाण्याआधी लघवी करून वजन करा. आल्यावर घाम पुसून, ओले कपडे काढून, पुन्हा वजन करा. व्यायामशाळेत काटा नसेल तर धान्याच्या व्यापाऱ्याकडे असतोच. जितकं वजन घटलं तितका घाम गेला, कारण तासाभरात चरबी काही किलोनं उतरत नाही. जाताना ६० किलो आणि आल्यावर ५९ किलो २०० ग्रॅम, म्हणजे ८०० मिलिलिटर पाणी गेलं. मग ८०० प्यायचं का? नाही. प्यायलेल्यातलं काही लघवीवाटे जाणारच, म्हणून गेलं त्याच्या दीडपट प्यायचं. ८०० चे १२००. आणि तेही एका दमात नाही, दोन-तीन तासांत. दर पंधरा मिनिटांनी एक पेला धरा. असं दोन-तीनदा मोजलं की आपला अंदाज बसतो, मग रोज काट्यावर चढायची गरज राहत नाही.

आता मीठ कशाला, हे समजायला एक गोष्ट सांगतो. जरा सविस्तर सांगतो, कारण ही गोष्ट लक्षात राहिली तर मिठाचं महत्त्व वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

साल १९६५. अमेरिकेच्या दक्षिणेला फ्लोरिडा नावाचं राज्य आहे, उष्ण आणि दमट. तिथल्या गेन्सव्हिल शहरातल्या विद्यापीठाचा फुटबॉलचा संघ होता. हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. यात लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचं असतं, समोरचे अंगावर येऊन पाडतात. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड गाद्या. असा सगळा जामानिमा घालून भर उन्हात तासन्‌तास पळायचं. तिथल्या दलदलीत मगरी फार, त्यावरून संघाचं नाव पडलं गेटर्स.

या संघाचे एक सहायक प्रशिक्षक होते, ड्वेन डग्लस. त्याच विद्यापीठात डॉक्टर रॉबर्ट केड हे मूत्रपिंडाचे तज्ज्ञ काम करत. डग्लस यांनी डॉक्टरांच्या मंडळींना साधा प्रश्न विचारला. सामना चालू असताना आमच्या पोरांना लघवीला का लागत नाही? त्यांनी पाहिलं होतं, एकेका सामन्यात एखाद्या खेळाडूचं वजन आठ-आठ किलोनं उतरत होतं आणि लघवी मात्र एकदाही नाही.

आठ किलो! श्रोतेहो, म्हणजे पाण्याची मोठी बादली अर्धीअधिक रिकामी होईल एवढा घाम.

केड यांच्या लक्षात आलं की सगळं पाणी घामावाटेच चाललंय, मूत्रपिंडाच्या वाट्याला काही उरतच नाही. पण नुसतं लक्षात येऊन भागत नव्हतं. त्यांना खेळाडूंचं रक्त तपासायचं होतं. मुख्य प्रशिक्षक रे ग्रेव्हज यांनी परवानगी दिली, पण मुख्य संघाला हात लावायचा नाही, पहिल्या वर्षाच्या मुलांवर काय ते करा, या अटीवर. तपासणीत तीन गोष्टी आढळल्या. रक्तातल्या क्षारांचं गणित बिघडलेलं. रक्तातली साखर उतरलेली. आणि शरीरातलं एकूण रक्तच आटलेलं. तीन गोष्टी: क्षार, साखर आणि पाणी.

त्या काळी तिकडे बऱ्याच प्रशिक्षकांचा समज होता की खेळताना पाणी प्यायलं तर पोटात कळ येते, गडी मऊ पडतो. काही जण तर वरून मिठाच्या गोळ्या द्यायचे, पाण्याविना. आपल्याकडेही ‘घामाघूम अंगानं पाणी पिऊ नये’ असं म्हणतात. सावलीत बसा, श्वास जाग्यावर येऊ द्या, मग घोट घोट प्या. माठातलं गार पाणी चालतं. पण पाणी थांबवून ठेवू नका, विदर्भात तर नाहीच नाही.

तर केड आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. जे गेलं ते परत द्यायचं. पाण्यात मीठ घातलं, साखर घातली. प्यायला गेले तर तोंडात धरवेना. शेवटी केड यांच्या पत्नी मेरी यांनी सुचवलं, यात लिंबू पिळा. लिंबू पिळलं आणि ते पाणी प्यायला येऊ लागलं. म्हणजे मोठ्या विद्यापीठातली डॉक्टर मंडळी रक्त तपासून, डोकं लढवून शेवटी ज्या पेल्यापाशी पोचली, तो आपल्या घरी पाहुण्याला देतात तो लिंबू सरबताचा पेला. फक्त मिठाचं माप मोजून घातलेलं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे काय झालं? पहिल्या वर्षाची मुलं आणि दुय्यम संघ यांचा सराव सामना लागला. मुलांना ते पेय दिलं, दुय्यम संघाला साधं पाणी. मध्यंतराला दुय्यम संघ १३-० नं पुढे होता. उत्तरार्धात मात्र उन्हानं त्यांचे पाय ओढायला लागले आणि पेय प्यायलेली कोवळी पोरं त्यांना भारी पडली. ग्रेव्हज हे बघत होते. दुसऱ्या दिवशी लुइझियानाच्या तगड्या संघाशी खरा सामना होता. त्यांनी केड यांना सांगितलं, उद्या माझ्या संघासाठी हे करून द्या. रातोरात लिंबं पिळली गेली. भयंकर उकाड्यात सामना झाला आणि गेटर्सनी तो १४-७ नं जिंकला. जानेवारी १९६७ मध्ये त्यांनी ऑरेंज बाऊल हा मानाचा सामना मारला, तेव्हा हरलेल्या संघाचे प्रशिक्षक बॉबी डॉड यांनीही त्या पेयाचंच नाव घेतलं. संघाच्या नावावरून पेयाचं नाव पडलं गेटोरेड. खेळाडूंसाठी आज ज्या रंगीत बाटल्या विकल्या जातात, त्यांचा धंदा इथून उभा राहिला.

आता एक-दोन सामने जिंकले म्हणून शास्त्र सिद्ध होत नाही. कारण आहे आतड्यात. ग्लुकोज आणि सोडियम, म्हणजे साखरेतला आणि मिठातला अंश, आतड्याच्या भिंतीतून जोडीनं आत जातात आणि आपल्यामागे पाणी ओढून नेतात. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी हे १९६० साली मांडलं. याच आधारावर १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत, सलाईनच्या बाटल्या संपत आल्यावर, डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजून असंख्य जीव वाचवले. आपल्या आशाताई जी ओआरएसची पुडी देतात, ती याच विचारातून आली.

आता माप लिहून घ्या. एक लिटर पाणी. चहाचे सहा सपाट चमचे साखर. अर्धा सपाट चमचा मीठ. दोन लिंबं. पुन्हा: एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, दोन लिंबं. सपाट म्हणजे वरून बोट फिरवून सारखा केलेला, शीग भरलेला नाही. साखरेऐवजी ३० ग्रॅम गूळ चालेल. कैरीच्या दिवसांत याच मापानं पन्हं करा.

चुका कुठे होतात? पहिली चूक, साखर दुप्पट-तिप्पट. गोड सरबत बरं लागतं, पण ते पोटात रेंगाळतं, मळमळ होते. दुसरी चूक, मीठ अंदाजानं. जास्त झालं तर उलटी होते आणि तहान वाढते. तिसरी चूक सगळ्यात धोक्याची: खूप घाम गेल्यावर घटाघटा नुसतंच पाणी, दोन-दोन, तीन-तीन लिटर. त्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, ओकारी येते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. तेव्हा आणखी पाणी पाजणं घातक ठरतं, त्याला थेट दवाखान्यात न्यायचं.

अकोला, अमरावती, बुलढाणा या भागातल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या श्रोत्यांना वेगळं सांगतो. तुमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं, बोअरचं पाणी मुळातच खारं. त्यात वरून मीठ घालू नका. सरबताला नळयोजनेचं गोडं पाणीच घ्या.

आणि हे सरबत सगळ्यांसाठी नाही. थंडीत अर्धा तास पळालात तर साधं पाणी आणि रोजचं जेवण पुरे. सकाळी फिरायला जाणाऱ्या काकांना रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यांनी मीठ-साखर टाळावी, साधं पाणी प्यावं.

इथे एक बोलून घेतो. गावोगावी व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवली जातात. माझं मत असं, की आधी मैदानाच्या कडेला पिण्याच्या पाण्याची तोटी हवी आणि एक सावलीचं झाड हवं. यंत्रं नंतर. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ साली बर्लिनला जाऊन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवून आली. ती ताकद यंत्रांतून आली नव्हती. आणि दुसरं, मैदानाशेजारच्या टपरीवरचा खर्रा. पळून आल्यावर छाती धडधडत असताना तंबाखू तोंडात टाकली की नाडी आणखी चढते. मुलांनो, ज्या तोंडानं भरतीची तयारी सांगता, त्या तोंडात खर्रा घालू नका. हे मी पोटतिडकीनं सांगतोय.

बरं, आता खाणं. पळून आल्यावर अर्ध्या तासातच खाल्लं नाही तर सगळं वाया, असं काही जण सांगतात. तसं नाही. तासा-दोन तासांत खा म्हणजे झालं. मात्र त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा सराव असेल तर उशीर करू नका.

साठ किलोच्या मुलाला एका वेळी साधारण २० ग्रॅम प्रथिनं पुरतात. ती घरात कशी मिळतात? ५० ग्रॅम फुटाणे, एक मोठा पेला दूध आणि दोन केळी. झाले वीस. किंवा दोन उकडलेली अंडी, ज्वारीच्या दोन भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ. किंवा ३० ग्रॅम सोयावडी, ज्यात साधारण १५ ग्रॅम प्रथिनं असतात, गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळून भाजीत टाकायची आणि भाकरीसोबत खायची. पातळ वरणाच्या भरवशावर राहू नका. वाटीत डाळीपेक्षा पाणी जास्त असतं. सराव करणारं पोर घरात असेल तर माउलींनो, वरण घट्ट ठेवा.

सोयाबीन आपल्या शेतात पिकतं, म्हणून ते कच्चंच भिजवून किंवा मोड आणून खाणारे आहेत. तसं करू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. पोट फुगतं आणि प्रथिनंही अंगी लागत नाहीत. रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि कुकरमध्ये मऊ होईतो शिजवा.

डब्यातली महाग पावडर लागते का? फुटाणे, अंडी, दूध, सोयावडी मिळत असेल तर नाही.

चहा नाश्त्यासोबत नको, विशेषतः मुलींनी. डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह चहामुळे अंगाला कमी लागतं आणि रक्त कमी असेल तर दम लवकर लागतो. जेवणानंतर तासाभरानं घ्या. भाजीवर लिंबू पिळा, संत्र्याच्या दिवसांत संत्रं खा. त्यातल्या जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. रस काढू नका, फोडीच खा.

अंग दुखतं म्हणून उपाशीपोटी, घाम गाळून आल्या आल्या दुखण्याची गोळी घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला इजा करू शकते. लघवीचा रंग पाहत चला. फिकट पिवळी म्हणजे ठीक, गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडलं. पण एकदम कडक सराव केल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली, स्नायू सुजून दुखू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि एप्रिल-मे मध्ये, पारा ४५ च्या घरात असताना, सोबतचा कुणी पळता पळता बरळायला लागला, अंग तापलं, तोल गेला, तर त्याला सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तो श्वासनलिकेत जातो.

नमस्कार.