‘मी भुकेला होतो’ : ख्रिस्ती आणि इस्लामी दानविचार

‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य आपल्याकडच्या सर्वधर्मसभांतून हमखास ऐकू येते. त्यामागची सद्भावना मला मान्य आहे. पण या वाक्याने चर्चा सुरू होण्याआधीच संपते. म्हणून आज ख्रिस्ती आणि इस्लाम या दोन धर्मांविषयी सर्वसाधारण काही न सांगता, दोन्ही धर्मांनी श्रद्धावंतावर घातलेल्या एकाच कर्तव्याविषयी, म्हणजे गरजूला देण्याविषयी, बोलावे असे मी ठरवले आहे. या ठिकाणी दोन्ही धर्म परस्परांच्या इतके जवळ येतात की, ते नेमके कुठे वेगळे होतात हेही येथेच स्पष्ट दिसते.

शहादा (श्रद्धेची ग्वाही), नमाज, जकात (संपत्तीतून द्यायचे बंधनकारक दान), रोजा आणि हज हे इस्लामचे पाच स्तंभ आपण ऐकलेले असतात. त्यांतील जकातीकडे बाहेरच्यांचे लक्ष फारसे जात नाही. रमजान म्हटला की आपल्याला मोहम्मद अली रोडवरची खाद्यभ्रमंती आठवते, आणि त्याच महिन्यात असंख्य घरांत वही उघडून चाललेला जकातीचा हिशेब आपल्या गावीही नसतो. हा हिशेब काटेकोर असतो. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी यांच्या किमतीइतकी, गरजा भागून उरलेली संपत्ती ज्याच्याजवळ एक चांद्रवर्ष राहिली, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा द्यायचा. म्हणजे चार लाखांवर दहा हजार रुपये. राहते घर, भांडीकुंडी, कारागिराची अवजारे यांवर जकात नाही. रोकड, सोने-चांदी आणि दुकानातील विक्रीच्या मालावर आहे. चांदी आज सोन्याच्या मानाने फारच स्वस्त असल्यामुळे अनेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, चांदीचाच निकष धरतात. त्यामुळे देणाऱ्यांची संख्या वाढते. अंगावरच्या दागिन्यांबाबत मात्र हनफी आणि शाफई या इस्लामी विधिपरंपरांत मतभेद आहे. हनफी मतानुसार त्यांवरही जकात लागते. शाफई मतात नेहमीच्या वापरातील दागिने सामान्यतः वगळले जातात. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई असल्याने, रत्नागिरीच्या एखाद्या घरातील पाटल्यांचा हिशेब मराठवाड्यातील हनफी घरापेक्षा वेगळा निघू शकतो.

ही रक्कम कोणाला द्यायची, हेही देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. कुरआनच्या नवव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, आठ प्रकारचे हक्कदार सांगितले असून, त्यांत गरीब आणि निराधार यांच्याबरोबर कर्जात बुडालेला माणूस आणि वाटेत अडकलेला प्रवासीही आहे. स्वतःचे आईवडील आणि मुले यांना जकात देता येत नाही, कारण त्यांचा सांभाळ हे आधीचेच कर्तव्य आहे. या सगळ्यामागची भूमिका कुरआनात स्पष्ट आहे: श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क आहे. त्यामुळे देणारा उपकार करत नाही, आणि देऊन बोलून दाखवणाऱ्याचे दान वाया जाते, अशी ताकीदही तेथे आहे.

ख्रिस्ती परंपरेत असा आकडा सापडत नाही. बायबलच्या जुन्या करारात दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, आहे आणि काही प्रोटेस्टंट मंडळ्या तो आजही पाळतात. कॅथोलिक चर्चने मात्र टक्केवारी ठरवलेली नाही. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, कुरकुरत किंवा नाइलाजाने नव्हे. मार्ककृत शुभवर्तमानात येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसलेला आहे. श्रीमंत लोक पुष्कळ पैसे टाकतात, एक गरीब विधवा दोन क्षुल्लक नाणी टाकते, आणि तो शिष्यांना सांगतो की सर्वांत अधिक तिने दिले, कारण बाकीच्यांनी आपल्या विपुलतेतून टाकले आणि तिने आपली सगळी उपजीविकाच टाकली. आता इस्लामी कायद्याच्या दृष्टीने पाहिले, तर या विधवेवर जकात लागूच होत नाही. उलट ती जकात घेण्यास पात्र ठरते. एका ठिकाणी आदर्श म्हणून उभी केलेली बाई दुसऱ्या ठिकाणी हक्कदारांच्या यादीत जाते. जकातीपलीकडचे ऐच्छिक दान, म्हणजे सदका, इस्लाममध्येही आहे आणि त्याची थोरवी फार मोठी आहे, हे येथे विसरू नये. तरीही गरिबाच्या बाजूने विचार केला, तर देणाऱ्याच्या उमाळ्यापेक्षा ठरलेला चाळिसावा हिस्सा मला अधिक भरवशाचा वाटतो.

आता ज्या दोन उताऱ्यांसाठी मी हा विषय निवडला त्यांकडे येतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाच्या वेळी राजा, म्हणजे ख्रिस्त, म्हणतो: मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिले, आजारी होतो आणि माझा समाचार घेतला. लोक विचारतात, प्रभू, आम्ही तुला असे केव्हा पाहिले? उत्तर येते की, माझ्या या अगदी लहान बंधूंपैकी एकाला तुम्ही जे केले ते मलाच केले. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबर मुहम्मदांच्या वचनांच्या संग्रहात, त्यांचे सहकारी अबू हुरैरा यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. तीत कयामतीच्या दिवशी अल्लाह म्हणतो: आदमच्या पुत्रा, मी आजारी होतो आणि तू मला भेटायला आला नाहीस. माणूस गोंधळून विचारतो, तू तर सर्व जगांचा पालनकर्ता, तुला मी कसा भेटायला येणार? अल्लाह सांगतो की माझा अमुक बंदा आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास, तर मी तुला त्याच्यापाशी सापडलो असतो.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की आधी साम्यच डोळ्यांत भरते. पण शेवटचे वाक्य नीट पाहावे. मत्तयच्या उताऱ्यात ‘मलाच केले’ असे आहे. हदीसमध्ये अल्लाह आजाऱ्यापाशी आहे, तो आजारी माणूस झालेला नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव येशूच्या रूपाने देहधारी झाला, त्याने भूक आणि वेदना भोगली आणि तो क्रुसावर मरण पावला. म्हणून भुकेल्याशी त्याने एकरूप होणे ही तेथे निव्वळ उपमा राहत नाही. इस्लाममध्ये ईसा हे मरियमचे पुत्र आणि अत्यंत आदरणीय पैगंबर आहेत, पण अल्लाहला पुत्र नाही आणि त्याच्यासारखे कोणीही नाही, ही तौहीदची, म्हणजे ईश्वराच्या एकत्वाची, मर्यादा कुठेच ओलांडली जात नाही. ‘त्याच्यापाशी’ हा शब्द ती मर्यादा राखतो. आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचे काम दोघांनीही सांगितले आहे. तेथे कोण भेटतो, याचे उत्तर मात्र प्रत्येकाच्या ईश्वरविषयक सिद्धांतातून आलेले आहे.

राहिला प्रश्न, हा गरजू कोण, आपल्यातलाच की कोणीही? दोन्ही परंपरांत यावर वाद आहेत. ‘माझे लहान बंधू’ म्हणजे येशूचे शिष्य, असे काही ख्रिस्ती भाष्यकार मानतात, तर इतरांच्या मते त्यात प्रत्येक गरजू येतो. पण ‘माझा शेजारी कोण’ या प्रश्नाला येशूने जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगून उत्तर दिले होते, आणि यहुदी श्रोत्यांच्या लेखी शोमरोनी परके होते. बहुसंख्य मुस्लिम धर्मशास्त्री जकात मुसलमान गरजूंपुरती मर्यादित ठेवतात आणि सदका कोणालाही देता येतो असे सांगतात. कुरआनच्या शहात्तराव्या सूरेत मात्र, आम्हाला तुमच्याकडून मोबदला नको आणि आभारही नकोत, असे म्हणत गरीब, अनाथ आणि कैद्याला जेवू घालणाऱ्यांचे वर्णन येते. आणि त्या काळी मुसलमानांच्या हाती असलेले कैदी हे युद्धात पकडलेले मूर्तिपूजक होते, याकडे जुन्या भाष्यकारांनीच लक्ष वेधले आहे.