धोटा, मॅनहोल आणि माणसाची किंमत

मित्रहो, तंत्रज्ञानामुळे मानवजातीचे पुढे काय होणार, असे कोणी विचारले की माणसाच्या हातचे काम काढून घेणारे यंत्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. ती भीती खोटी नाही. परंतु यंत्र तयार असते, हाताशी असते, आणि तरीही ते काम माणसाकडूनच करून घेतले जाते, याचा विचार आपण फारसा करत नाही, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

मुंबईच्या गिरण्यांमधील साचाखात्यापासून, म्हणजे कापड विणण्याच्या विभागापासून, सुरुवात करू. साच्यावर, म्हणजे मागावर, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातील सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी, तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या भोकाशी आणी आणि भोकाला ओठ लावून श्वासाने धागा बाहेर ओढून घेई. धोट्याला असे तोंड लागत असल्यामुळे अस्पृश्य कामगाराने साचाखात्यात पाऊल टाकायचे नाही, असा सवर्ण कामगारांचा दंडक होता. साचाखात्यात मजुरी अधिक होती. दलित कामगाराच्या वाट्याला कमी मजुरीचे त्रासनखाते, म्हणजे सूत कातण्याचा विभाग, येई. १९२८ साली, एप्रिल ते ऑक्टोबर, मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. कमी माणसांकडून जास्त साचे चालवून घेण्याच्या मालकांच्या धोरणाविरुद्ध तो होता. त्या वेळी साचाखात्याचे दार दलितांनाही उघडले पाहिजे, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे धरला. वाफेवर आणि विजेवर चालणाऱ्या साच्याने जात मोडली नाही. जातीनेच साच्यावर कोणी उभे राहायचे ते ठरवले. आणि हे तोंडाने धागा ओढणे काही अटळही नव्हते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने रोगप्रसाराच्या भीतीने असे धोटे १९११ मध्येच कायद्याने बंद केले होते, कारण हाताने धागा ओवता येणारे धोटे उपलब्ध होते.

आता मार्क्सकडे वळू. यंत्रांवरच्या त्याच्या लेखनातून आपण बहुधा बेकारीचा मुद्दा तेवढा उचलतो. १८६७ साली त्याने नोंदवलेली एक गोष्ट मला त्याहून भेदक वाटते. इंग्लंडमध्ये कालव्यांतील नावा ओढायला घोड्यांऐवजी अजूनही कधी कधी बायका लावल्या जातात, असे तो लिहितो, आणि कारणही देतो: घोडा आणि यंत्र यांना किती खर्च येतो हे नेमके ठाऊक असते, रिकाम्या हातांच्या गर्दीतील बाईला जगवण्याचा खर्च मात्र हिशेबातच धरण्याजोगा नसतो. माणूस पुरेसा स्वस्त ठेवला की यंत्राची गरजच उरत नाही.

हा नियम आपल्या गल्लीपर्यंत येतो. मी स्वतः पाहिले आहे: मॅनहोलचे झाकण लोखंडी पहारीने सरकवलेले, कमरेला दोरखंड बांधलेला एक तरुण उघड्या अंगाने आत उतरतो आहे, आणि वर दोर धरून बसलेला त्याचा सोबती दर थोड्या वेळाने त्याला हाक मारतो आहे. उत्तर येईपर्यंतचे ते चार-पाच क्षण मला अजून विसरता आलेले नाहीत. मैला हाताने वाहण्याविरुद्ध आपल्याकडे १९९३ पासून कायदा आहे, २०१३ चा कायदा त्याहून कडक आहे. गटारात माणूस मेला तर दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. मॅनहोलमध्ये उतरणारा रोबोही केरळमध्ये तयार झालेला आहे. म्हणजे विज्ञानाने आपले काम केले आहे. ठेकेदाराच्या वहीत मात्र त्या तरुणाची रोजी यंत्राच्या भाड्यापेक्षा कमी भरते, आणि ती कमी भरण्यामागे शेकडो वर्षांची जात उभी आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचेही असेच आहे. यंत्राने घाणेरडे, हिंसक बोलू नये म्हणून तसला मजकूर आधी कोणीतरी वाचून त्यावर खुणा कराव्या लागतात. केनियातील नैरोबी शहरातल्या तरुण कामगारांनी ते काम ताशी दोन डॉलरपेक्षाही कमी मजुरीवर केले.

गांधीजींचा आक्षेप यंत्राच्या हव्यासाला होता, आणि शिलाई यंत्राचा अपवाद त्यांनी आनंदाने केला, हे मान्य करूनही मला या बाबतीत आंबेडकरांची बाजू अधिक पटते. १९४५ साली त्यांनी मांडले की माणसाला पशूपासून वेगळे करते ती संस्कृती. संस्कृतीला फुरसत लागते. आणि कष्टाची जागा यंत्राने घेतल्याशिवाय कष्टकऱ्याला फुरसत मिळत नाही. यंत्राचा लाभ मूठभरांनी बळकावला असेल, तर यंत्राला शिव्या न देता समाजाची रचना बदला, असे त्यांचे म्हणणे होते. फुरसतीला माणुसकीची अट मानणारा हा विचार, ज्यांच्या पिढ्यांना फुरसत ठाऊकच नव्हती त्यांच्या बाजूने केलेला आहे.

म्हणून मालकी कोणाची, हे विचारावेच लागते. दिल्लीत २०१९ मध्ये गटारसफाईची दोनशे यंत्रे आली, आणि ती मालकीने देताना सफाई कामगारांना व गटारात मेलेल्यांच्या कुटुंबीयांना प्राधान्य देण्याचे ठरले. एरवी दोर बांधून उतरला असता तो माणूस तिथे यंत्राचा मालक म्हणून वर उभा राहू शकतो. आपल्या महानगरपालिकांच्या पुढच्या निविदांमध्ये ही अट घालून घ्यायची असेल, तर त्यासाठी सफाई कामगारांच्या संघटनेबरोबर आपल्यालाही बसावे लागेल, आणि तशी बैठक आजच्या या सभेनंतर याच सभागृहात ठेवलेली आहे.