शिकून आलेल्या माणसाचा पहिला आठवडा

नमस्कार श्रोतेहो.

जळगावच्या एमआयडीसीत चटईचे, पाइपचे कारखाने आहेत, डाळमिली आहेत. माझी उमेदीची वर्षं पाइपच्या मशीनवर गेली आणि पुढची बरीच वर्षं नव्या पोरांना तेच काम शिकवण्यात. एक गोष्ट मला अजून टोचते, ती आधी सांगतो.

यावल तालुक्यातला एक पोरगा तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला. काय शिकला? एक्स्ट्रूडरचे, म्हणजे प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनचे, हीटर लावले आणि मीटरवर तापमानाचा आकडा आला, की लगेच मशीन फिरवायचं नाही. बॅरलमध्ये, म्हणजे स्क्रू फिरतो त्या नळकांड्यात, आदल्या शिफ्टचं प्लास्टिक थिजलेलं असतं. ते आतपर्यंत वितळू द्यायचं आणि मग स्क्रू हळूहळू फिरवायचा. घाई केली तर मोटरवर लोड येतो, वेळेला स्क्रूही तुटतो. सोमवारी सकाळी तो मीटरसमोर थांबून राहिला. सुपरवायझर आला. म्हणाला, "ते राहू दे भो, गाडी भरायची आहे." पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो. त्यानं स्विच दाबला, आणि तीन दिवसांचं शिक्षण त्या एका क्षणात वाया गेलं.

बाल्डविन आणि फोर्ड या अमेरिकी अभ्यासकांनी 1988 साली हा प्रश्न नीट मांडला. शिकलेलं कामात उतरायचं तर तीन बाजू पाहाव्या लागतात: शिकणारा माणूस, शिकवण्याची पद्धत आणि तो परत जातो ती कामाची जागा. आपण पहिल्या दोन बाजूंवर पैसा घालतो. तिसरीकडे बघतच नाही, आणि माझ्या अनुभवात घोडं तिथंच अडतं.

त्यात विसरणं आलंच. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानं 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्यानं विसरतं आणि उजळणीनं टिकतं. म्हणून शिकून आलेल्या माणसाला त्याच आठवड्यात तेच मशीन द्या. मशीन दिवाळीत येणार आणि प्रशिक्षण होळीला, असं करू नका. एकट्याला पाठवू नका, एका लाइनवरचे दोघं पाठवा. एक बिचकला तर दुसरा म्हणतो, "अरे, असंच सांगितलं होतं." शिकलेलं त्याच्याच हातानं, मराठीत, कार्डावर लिहून घ्या आणि ते पॅनलला लटकवा.

मालकांना एक कळकळीची विनंती. कामगाराचा इन्सेंटिव्ह शिफ्टमध्ये निघालेल्या मालावर ठरत असेल, तर मशीन तापेपर्यंत थांबलेला अर्धा तास त्याच्या खिशातून जातो. मग तो का थांबेल? तो अर्धा तास कामाचा धरा. आणि सुपरवायझरलाही त्या प्रशिक्षणाला एक दिवस बसवा. "राहू दे भो" म्हणणारा माणूस वाईट नसतो. पोरगा काय शिकून आला, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडं जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा, हंगाम लागेल, नवी माणसं येतील. शिकवून आणलेल्याला पहिल्याच दिवशी जवळ बोलवा आणि विचारा, "काय शिकलास? उद्या कुठल्या मशीनवर करून दाखवतोस?" आणि दुसऱ्या दिवशी खरंच तिथं जाऊन उभे राहा.

नमस्कार.