कासव फक्त केळंच खातं? त्याला गवताकडे असं वळवा

नमस्कार मंडळी! वेंगुर्ल्याहून, आमच्या अंगणातून बोलतोय. माझ्या पायाशी हा जो बसलाय तो गुंड्या, सुलकाटा जातीचं कासव. दोन वर्षांपूर्वी हा गवताला तोंड लावत नव्हता. केळं, टोमॅटो, काकडी, बास. गवत पुढ्यात टाकलं की त्यावरून चालत जायचा आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात ठाण मांडायचा. मग आईचा जीव कळवळायचा, ‘उपाशी रवलो मा तो!’ आणि केळ्याची फोड हजर. ही सवय त्याला आम्हीच लावली होती.

आपल्याकडे अजून एक घोळ होतो. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते कासव, काचेच्या टाकीत पोहतं ते कासव आणि हेही कासवच. शब्द एकच, म्हणून शेजारी प्रेमाने सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन येतात. पण सुलकाटा मूळचं सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातलं, गुरांसारखं चरणारं जनावर. त्याच्या आतड्यातले जंतू गवताचा चोथा आंबवून त्याला ताकद देतात. तिथे रोज फळांची साखर गेली, की सगळं बिघडतं: वायू धरतो, शी पातळ होते. मासे, अंडी, पोळी, कुत्र्याचं खाणं यातलं काहीही नको.

कायद्याचंही सांगतो. आपलं देशी स्टार कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. सुलकाटा परदेशी, पण २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

आता नखरे. खात नाही म्हणजे हट्टी आहे, असं ठरवण्याआधी त्याला हात लावून बघा. कासवाचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. अंग गार असेल तर पचन मंदावतं आणि भूक मरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन म्हणजे नवसाचं. म्हणून पावसाळ्यात मी पडवीत एका कोपऱ्यात साधारण ३५ अंश ऊब देणारा दिवा लावतो आणि उन्हातले यूव्हीबी किरण देणारा वेगळा दिवाही. बंद काचेतून आलेलं ऊन चालत नाही, काच यूव्हीबी अडवते. यूव्हीबी नाही तर ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि मग खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही.

ऊब ठीक आहे, तरी गवत नको म्हणतोय? मग विळी घ्या. हे बघा, हरळी मी अशी अगदी बारीक चिरतो, कोथिंबिरीसारखी. काकडी किसून तिचा रस त्यात हाताने चोळायचा, म्हणजे गवताच्या पात्याला वास लागतो. पहिल्या आठवड्यात नऊ मुठी त्याच्या आवडीचं आणि एक मूठ गवत. वेचून खाता येता कामा नये, इतकं एकजीव. दर आठवड्याला आवडीचं थोडं कमी, गवत थोडं जास्त, आणि चिरही हळूहळू मोठी. गुंड्याला अडीच महिने लागले. मधे त्याने दोनदा ताटली उलटवली, पण आम्ही वेगळं केळं दिलं नाही. आईनेसुद्धा नाही, आणि तिला ते फार जड गेलं.

आज त्याच्या पोटात बहुतेक गवतच जातं. जोडीला जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, काटे काढलेलं फड्या निवडुंग, अधूनमधून शेवग्याचा पाला. पूजेसाठी तोडलेल्या जास्वंदीतली एक खाली पडली, की हा मान ताणून येतो. लाल रंग त्याला लांबून दिसतो. पालक रोज नको, आणि अळू तर अजिबात नको. अळूत आपण चिंच का घालतो? घशाला खाज सुटू नये म्हणून. ती खाज ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते, आणि अळूतलं विरघळणारं ऑक्झलेट कासवाचं कॅल्शियम बांधून ठेवतं. कण्हेर विषारी, ती कुंपणालाही नको.

आंब्याच्या कलमांखालचं गवत मात्र कापू नका. मोहोर आला की फवारण्या सुरू होतात, आणि ते औषध खालच्या गवतावरच ठिबकतं.

कॅल्शियमसाठी हे, समुद्रफेन. माकुळाच्या पाठीतलं हे पांढरं हाड पुळणीवर फुकट मिळतं. दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवायचं, पाणी बदलत राहायचं, उन्हात कडक वाळवायचं आणि तसंच ठेवून द्यायचं. त्याला हवं तेव्हा तो कुरतडतो.

आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यात, हनुवटीच्या खाली येईल इतक्याच, पंधरा मिनिटं बसवा. तेव्हा लघवीबरोबर पांढरं पडतं ते नीट बघा. दह्यासारखं मऊ असेल तर ठीक, चुन्यासारखं खरखरीत असेल तर पाणी कमी पडतंय. वजन दर रविवारी वहीत लिहा. वजन उतरतंय, डोळे सुजलेत किंवा नाकातून बुडबुडे येतायत, तर गवताचा हट्ट बाजूला ठेवून त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे न्या.