महागडे ट्रॅव्हल कार्ड आणि आपला प्रवास

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात जालन्याला भाच्याकडे गेलो होतो. त्याला एका बँकेतून फोन आला होता आणि प्रवासासाठीचे खास क्रेडिट कार्ड घेण्याचा आग्रह चालला होता. वार्षिक फी दहा हजार रुपये, विमानतळावरील लाउंज, म्हणजे खाण्यापिण्याची सोय असलेला विश्रांतीकक्ष मोफत, विमानाच्या तिकिटांवर जास्तीचे पॉइंट आणि परदेशातील खर्चावर सवलत, असे त्याचे स्वरूप होते. "मामा, घेऊ का?" असे त्याने विचारले, तेव्हा मी भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून त्याच्यापुढे ठेवले आणि वर्षभरात तो कुठे कुठे गेला, ते लिहायला सांगितले. चार वेळा पुणे, तेही रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. दोनदा मुंबई, वंदे भारतने. एकदा रेल्वेने तिरुपती. आणि चिकलठाण्याहून विमानाने दिल्लीची एकच फेरी. वर्षाच्या प्रवासात विमानतळाचा संबंध आला तो फक्त दोन दिवस.

कार्डाचा हिशेब या कॅलेंडरापासूनच सुरू करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा हजारांच्या फीवर अठरा टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खिशातून 11,800 रुपये जातात, आणि ते रोख जातात. त्याच्या बदल्यात जे मिळते, ते मात्र अटींवर मिळते. लाउंज प्रत्येक विमानतळावर नसते, असले तरी ते आपल्या कार्डाच्या यादीत असेलच असे नाही, आणि आता अनेक बँकांनी आधीच्या तिमाहीत ठरावीक रकमेचा खर्च केलेला असेल तरच प्रवेश, असा नियम लावला आहे.

पॉइंटचे गणित थोडे सावकाश पाहू. तोच पॉइंट विमानाच्या तिकिटासाठी वापरला तर एक रुपयाचा आणि वस्तूंसाठी वापरला तर पंचवीस पैशांचा ठरू शकतो. म्हणून पॉइंट किती मिळाले यापेक्षा ते आपण कशासाठी वापरणार, हे आधी ठरवावे लागते. शिवाय फी नसलेले साधे कार्डही खर्चाच्या एक टक्क्याच्या आसपास परत देते, त्यामुळे महागड्या कार्डाचा खरा लाभ म्हणजे दोन्हींमधला फरक. हा फरक दोन टक्के धरला, तरी 11,800 रुपये नुसते भरून निघायला वर्षाला पाच लाख नव्वद हजारांचा खर्च त्या कार्डावर व्हावा लागतो. आपल्याकडे कुटुंबाचा एवढा खर्च होतही असेल, पण तो कार्डावर होतो का? किराणा, भाजी, दवाखाना, कृषी सेवा केंद्र, सगळीकडे क्यूआर कोड लावलेला असतो, आणि यूपीआयला जोडता येते ते रुपे क्रेडिट कार्ड. महागडी ट्रॅव्हल कार्डे बहुधा व्हिसा किंवा मास्टरकार्डची असतात, म्हणून हा खर्च त्यांवर होत नाही. पेट्रोल आणि घरभाडे यांवर बहुतेक कार्डे पॉइंट देत नाहीत किंवा अगदी थोडे देतात.

परदेश प्रवास करणाऱ्यांचे तेवढे वेगळे आहे. साध्या कार्डावर परदेशातील खर्चाला साधारण साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातील खर्चावर बँकेचे जादा शुल्क, आणि त्यावर जीएसटी लागतो. महागड्या कार्डावर तो अनेकदा दोन टक्के असतो. दोन लाखांच्या खर्चावर 8,260 रुपयांऐवजी 4,720 रुपये जातात, म्हणजे 3,540 रुपये वाचतात. मात्र मार्कअप अजिबात न लावणारी आणि वार्षिक फी नसलेली कार्डेही आज मिळतात, हे फोनवर आपल्याला कोणी सांगत नाही.

आता मला सर्वांत काळजीची वाटणारी गोष्ट सांगतो. आपल्या भागात पुष्कळ घरांत पैसा दरमहा येत नाही. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे विकले जाते, तूर त्यानंतर येते, उसाचे बिल हप्त्यांनी मिळते. आणि शेतकऱ्याची उधारी असल्यामुळे गावातल्या दुकानदाराचा पैसाही हंगामावरच फिरतो. कार्डाचे स्टेटमेंट मात्र दर महिन्याला येते. किमान देय रक्कम भरून पन्नास हजार रुपये मागे ठेवले, तर महिना साडेतीन टक्क्यांनी 1,750 रुपये व्याज आणि त्यावर 315 रुपये जीएसटी, असे एका महिन्याला 2,065 रुपये लागतात. इतकेच नव्हे, तर थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते. अशी थकबाकी सहा महिने राहिली, तर वर्षाच्या फीपेक्षा अधिक रक्कम नुसत्या व्याजात जाते. ज्या घरात बिल दर महिन्याला पूर्ण भरले जाईल अशी खात्री नाही, त्या घराने हे कार्ड घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

महिन्यातून दोन-तीनदा विमानाने जाणारे उद्योजक आणि ज्यांची मुले परदेशात आहेत असे आईवडील, यांना हे कार्ड परवडू शकते. मी स्वतः ते दोन वर्षे बाळगले. पहिले वर्ष मोफत होते. दुसऱ्या वर्षी फी स्टेटमेंटमध्ये लागली तेव्हाच ती माझ्या लक्षात आली, आणि जमवलेले पॉइंट मुदत संपून गेले ते वेगळेच. कार्ड बंद करायला गेलो, तर नवनव्या सवलती सांगून मला थांबवले जात होते. त्या वेळी मला माहीत असायला हवा होता असा एक नियम आज सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार, सर्व बाकी भरलेली असल्यास कार्ड बंद करण्याच्या विनंतीवर सात कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही व्हावी लागते. ती न झाल्यास खाते बंद होईपर्यंत बँकेने ग्राहकाला दररोज पाचशे रुपये द्यायचे असतात. विनंती लेखी करावी आणि तिची पोच जपून ठेवावी.

भाच्याने त्या दिवशी बँकेला नकार कळवला. पुढच्या वर्षी त्याची मुलगी शिक्षणासाठी जर्मनीला जाण्याची शक्यता आहे. तसे झाले तर कॅलेंडर पुन्हा उतरवून हिशेब नव्याने मांडायचा, असे आमचे ठरले आहे. नमस्कार.