कोंडी फोडणारा ‘मेजर’

[दृश्य: उभा चढ. एकटा सायकलस्वार, पेडलवर उभा राहून.]

अमेरिकेतलं वूस्टर शहर. जॉर्ज स्ट्रीटचा हा चढ जेमतेम दीडशे मीटरचा, पण दम काढणारा. सव्वाशे वर्षांपूर्वी इथे सराव करायचा सायकलपटू मार्शल वॉल्टर टेलर. लोक त्याला ‘मेजर’ म्हणत. सैन्याशी त्याचा काही संबंध नव्हता. इंडियानापोलिसमध्ये, लहानपणी, तो सायकलच्या दुकानाबाहेर लष्करी गणवेशात कसरती करायचा. तेव्हापासून हे नाव चिकटलं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. ट्रॅक, खचाखच भरलेली गॅलरी.]

ट्रॅकवरच्या स्प्रिंटचं, म्हणजे छोट्या, वेगवान शर्यतीचं, गणित साधं. पुढच्याच्या पाठीशी, वाऱ्याच्या आडोशाला राहायचं, ताकद राखायची आणि शेवटी मुसंडी मारायची. टेलरला हे सुखासुखी कुणी करू दिलं नाही. तो कृष्णवर्णीय, बाकीचे गोरे. एरवी एकमेकांचे वैरी असलेले हे लोक त्याला पाहिलं की एक व्हायचे. एक पुढे, एक बाजूला, की झाली कोंडी. मग कोंडी आवळायच्या आत निसटायचं आणि रेषेपर्यंत सगळा वारा एकट्याने छातीवर घ्यायचा, हे त्याने अंगवळणी पाडून घेतलं.

रेषेपलीकडेही सुटका नव्हती. 1897 मध्ये टॉन्टनला शर्यत संपल्यावर एका स्पर्धकाने त्याचा गळा आवळला, तो बेशुद्ध पडेपर्यंत. शिक्षा काय? 50 डॉलर दंड.

दोनच वर्षांनी, माँट्रियलमध्ये, टेलर एक मैल स्प्रिंटचा जगज्जेता झाला. वय 20.

[दृश्य: पॅरिस, 1901.]

मग युरोपातून बोलावणी आली. टेलर निष्ठावान बाप्टिस्ट ख्रिश्चन, रविवार देवाचा, त्या दिवशी सायकल चालवणार नाही म्हणजे नाही. आणि रविवार हाच तर आयोजकांच्या कमाईचा दिवस! शेवटी शर्यतीचे वार बदलले. फ्रान्सचा जगज्जेता एडमंड जॅकलँ पहिल्या लढतीत जिंकला. अकरा दिवसांनी, सोमवारी, टेलरने परतफेड केली.

1910 मध्ये तो थांबला. कमावलेला पैसा धंद्यात बुडाला. 1928 मध्ये आत्मचरित्र स्वतःच छापलं आणि दारोदार फिरून विकलं. 1932 मध्ये शिकागोच्या रुग्णालयात, धर्मादाय वॉर्डात, तो गेला. दफन झालं बेवारसासारखं, नावाच्या दगडाविना.

[दृश्य: कबर, कांस्य फलक.]

1948 मध्ये जुन्या व्यावसायिक सायकलपटूंनी ती जागा शोधली. सायकल उत्पादक फ्रँक श्विन यांनी पैसे दिले आणि टेलरला पुन्हा, मानाने, पुरलं गेलं. माझ्या मते त्याची खरी आठवण राखली ती याच लोकांनी. इंडियानापोलिसमधला त्याच्या नावाचा वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा ट्रॅक, आणि वूस्टरमधला पुतळा फार नंतरचे. हँडल पुढे-मागे सरकवता येणाऱ्या जुन्या धाटणीच्या स्टेमला, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या भागाला, तर जाणकार आजही ‘मेजर टेलर’च म्हणतात.

[दृश्य: पुन्हा जॉर्ज स्ट्रीट. घड्याळ सुरू.]

त्याच्या नावाने या चढावर शर्यत होते. स्वार एकेकटे सुटतात. पुढे कुणी नाही, बाजूला कुणी नाही.